वंशावळ मंडळाला माणसं हवी आहेत, आणि थोडे पैसेही

स. न. वि. वि.

चिपळूण आणि आसपासच्या गावांतल्या घराण्यांच्या वंशावळी जमवायच्या, जुळवायच्या आणि जपायच्या, एवढंच काम आमचं छोटं मंडळ करतं. कुणाचा कुलवृत्तांत छापून निघतो, त्याचं प्रकाशन होतं, हारतुरे होतात. तिथवर पोचण्याआधी जी वर्षानुवर्षांची उस्तवार असते ती चार-पाच जण करतात. ते चार-पाच जण आता थकले आहेत. चिटणीसांनी पंचाहत्तरी ओलांडली. खजिनदार मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून पावतीपुस्तक सुनेकडून तपासून घेतात. आमच्यात मोडी घडाघडा वाचणारे एकच गृहस्थ आहेत आणि त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. म्हणून हे आवाहन. पैशांचं शेवटी बोलू, आधी माणसांचं.

काम नेमकं काय असतं ते सांगायला हवं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की वंशावळ म्हणजे आजोबांनी लिहून ठेवलेला कागद, तो संगणकावर टाकला की झालं. गुहागरला व्याडेश्वराला किंवा आमच्या विंध्यवासिनीला कुलदैवताच्या दर्शनासाठी आलेली मंडळी परतीच्या वाटेवर आमच्याकडे डोकावतात. "आमचं मूळ गाव इकडचंच म्हणतात, काही सापडेल का?" बहुतेकांना पणजोबांचं नाव येतं, त्यापुढे सगळा अंधार. मग आमचा कार्यकर्ता बसतो. गोत्र, कुलस्वामी, गावातली वाडी, मुंबईला पहिल्यांदा कोण गेलं, कुणाच्या ओटीवर कुणाचं श्राद्ध व्हायचं, असं विचारत विचारत तो माणसाला बोलतं करतो. तिथून तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारातल्या वारसनोंदी, गाव नमुना 14 म्हणजे आपलं कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, आणि घराणं नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाऊन आलं असेल तर तिथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या. त्या वह्यांत यजमान स्वतःच्या हातानं नाव, बापाचं नाव, भाऊ, मुलं लिहून सही करून गेलेला असतो. पणजोबांचं अक्षर पाहून भल्याभल्यांचा आवाज बसतो.

खरी मारामारी नावांची आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव. त्यामुळे विष्णु गणेश, मग गणेश विष्णु, मग पुन्हा विष्णु गणेश, अशी दीडशे वर्षं सरळ निघून जातात. त्यात दोन चुलतभावांनी एकाच आजोबांचं नाव आपापल्या मुलाला ठेवलेलं असतं. एका फेरफारातला विष्णु गणेश कोणता? इथे हुशारीपेक्षा चिकाटी लागते. जमिनीच्या चतुःसीमा बघायच्या, बायकोचं नाव कुठे आलंय ते शोधायचं, कुणी दत्तक गेलाय का ते तपासायचं. दत्तक गेलेला मुलगा जन्माच्या शाखेतही सापडतो आणि दत्तक घराच्या शाखेतही. दोन्हीकडे मोजला की पुढची सगळी झाडं वाकडी.

कागद मोडीत असला की तारखेपासून सुरुवात. एका मजकुरात साल असं दिलेलं होतं: समान खमसैन मया व अलफ. अरबी आकडे, उलट्या क्रमानं. आठ, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतलं साल) 1158. हे साल मृगापासून सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरच्या कागदाला 599 मिळवायचे आणि जानेवारीनंतरच्या कागदाला 600. आलं 1757-58. पानिपताच्या आधीचा कागद एका पडवीतल्या ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिकांखाली पडून होता. ज्यांच्या घरात तो होता त्यांना इतकंच ठाऊक होतं की "आजोबांचं काहीतरी" आहे. हे हिशेब येणारी माणसं प्रत्येक तालुक्यात दोन-चार असायची. मोडी सरकारी आणि शाळेच्या वापरातून 1950 च्या दशकात गेली, तेव्हा शिकलेली शेवटची पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. नंतर जे शिकले ते हौसेनं.

मध्यंतरी हौसेला एकदम भाव आला. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांची दारं लोक ठोठावू लागले. आमच्याकडेही आले, अजून येतात. कागद आम्ही वाचून देतो, जे लिहिलंय तेच सांगतो आणि लिप्यंतर हातात ठेवतो. अमुक जातीचा दाखला मिळेल की नाही, पडताळणीत टिकेल की नाही, यात मंडळ पडत नाही. आणि वाचनाचे पैसेही घेत नाही. यावरून आमच्या काही हितचिंतकांनी आम्हाला वेड्यात काढलंय. काढू देत. ज्या दिवशी वंशावळ वाचणारा पैशांच्या आकड्याकडे बघून वाचायला लागेल त्या दिवशी त्याच्या वाचनाला कुणी विचारणार नाही.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. छापील कुलवृत्तांत काढण्याची परंपरा विसाव्या शतकात मुख्यतः ब्राह्मण घराण्यांत वाढली, कारण कागद त्यांच्याकडे होते. बाकीच्यांचा इतिहास नव्हता असं नाही, तो दुसऱ्यांच्या दप्तरात होता. आमच्या भागात खोतांच्या (गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांच्या) वसुलीच्या याद्यांमध्ये कुळांची नावं असतात: स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव नाहीच. 1949 च्या कायद्यानं खोती गेली, त्या याद्या मात्र माळ्यावर राहिल्या आणि वाळवीनं खाल्ल्या. ज्या उरल्यात त्यांत शेकडो कुटुंबांचे पणजोबा आहेत. आमच्या मंडळात आज कुठल्याही जातीच्या घराण्याचं काम होतं, पण कार्यकर्ते अजून सगळ्या वाड्यांतून आलेले नाहीत. हे बदलायला हवं. आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाशी आपल्याच माणसानं बोललेलं वेगळं असतं.

मॉरिशसची मंडळी हा आमच्या कामातला वेगळाच प्रकार. 1834 पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर तिथे गेले, त्यात कोकणातलेही बरेच होते. त्यांचे वंशज तिथल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतून जुन्या नोंदींचा उतारा घेऊन येतात. उताऱ्यावर जिल्हा रत्नागिरी असतो, गावाचं नाव एखाद्या साहेबानं कानाला लागेल तसं लिहिलेलं. ते नाव मोठ्यानं वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून बघायचं, मग एखादा म्हातारा म्हणतो, "अरे, ही तर खाडीपलीकडची वाडी!" सगळ्यांना वाडी मिळतेच असं नाही. मिळाली नाही तरी पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडायचं नाही हा मंडळाचा अलिखित नियम आहे आणि त्याचा खर्च आजवर कुठल्याच ताळेबंदात आलेला नाही.

आता मुलींबद्दल. जुन्या वंशावळी बघा, बायका जवळजवळ नाहीतच. ज्याला मुलगा नाही त्याच्यापुढे शेरा 'निर्वंश', मग त्याच्या चार मुली नांदत असल्या तरी. आम्ही हा शेरा लिहिणं बंद केलं. आता मुलीचं नाव, तिचं सासर, तिची मुलं, सगळं शाखेत येतं, आणि सुनेच्या नावासोबत माहेर. लग्नानंतर नाव बदलल्यामुळे एकच बाई दोन कागदांत दोन नावांनी येते, तेव्हा माहेर लिहिलेलं नसेल तर तिचा पत्ता लागणं अशक्य. वार्षिक सभेत यावर जोरदार भांडण झालं, "झाड फार पसरतं, छापायला परवडणार नाही" वगैरे. पसरू दे. पसरतं तेच झाड.

पुराचं सांगितल्याशिवाय चिपळूणचं कुठलंच आवाहन पुरं होत नाही. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी गावात शिरली. 1864 पासूनच्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही दोन्ही वेळा पाण्यानं गाठलं, ते सगळ्यांना माहीत आहे. मंडळाची कपाटं तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर कागद काढले तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. बोरूनं, काजळीच्या शाईनं लिहिलेले मोडी कागद चिखलातूनही वाचता येत होते. धुतली गेली ती 1970-80 च्या सुमारास आमच्याच जुन्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून भरून आणलेली माहितीपत्रकं, फाउंटन पेनच्या निळ्या शाईतली. ज्यांनी ती माहिती दिली ते कधीच गेले. कागदांच्या दोन्ही बाजूंना वर्तमानपत्र घालून, उन्हात न टाकता, पंख्याखाली वाळवत बसलेले आमचे कार्यकर्ते तेव्हाही साठीच्या पुढचेच होते, आणि त्यांच्या स्वतःच्या घरातला गाळ अजून उपसायचा होता.

एवढं करून संस्था चालवणं वेगळंच. नोंदणीकृत संस्था म्हटलं की दरवर्षी ऑडिट, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस, इतिवृत्त, आणि पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. हा एक अर्ज म्हणजे कुणीही चिटणीस व्हायला तयार नसण्याचं निम्मं कारण आहे. सभेत "यंदा तरुणांनी पुढे यावं" असं सगळे म्हणतात आणि सगळे चपला शोधायला लागतात. मग त्याच चिटणीसांना "अजून एक वर्ष काढा" म्हणायचं. ते काढतात. असं किती वर्षं चालणार?

म्हणून मागणं असं आहे. लगेच पद घ्या असं कुणी म्हणत नाही. एक घराणं घ्या, स्वतःचं असलं तरी चालेल. त्याची माहितीपत्रकं पाठवणं, फोन करून करून ती परत मिळवणं (हे सर्वांत कठीण, लोक लग्नाला येतात पण पत्रक भरत नाहीत), शंका लिहून ठेवणं आणि वर्षभर एका जुन्या कार्यकर्त्याच्या शेजारी बसणं. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठेही लिहिलेलं नाही. कुठल्या घराण्यानं कधी आडनाव बदललं, कुणाची 'खालची आळी' म्हणजे नक्की कुठली, कोणत्या दोन शाखांचं तीन पिढ्या बोलणं नाही म्हणून एकाची माहिती दुसऱ्याला विचारायची नाही, हे सगळं शेजारी बसूनच कळतं. ज्यांना संगणक येतो त्यांनी नोंदी भरायला यावं. ज्यांना हिशेब येतो त्यांनी खजिनदारांच्या सुनेला मोकळं करावं. एखादा निवृत्त तलाठी किंवा कोर्टातला बेलिफ मिळाला तर आम्ही त्याला डोक्यावर घेऊ. बाहेरगावी, परदेशी असणाऱ्यांनाही काम आहे: पुसट मोडी कागदांचे फोटो पाठवतो, घरबसल्या वाचून द्या.

आता पैसे. 2021 नंतर मंडळाची खोली वरच्या मजल्यावर नेली, तिथे लोखंडी कपाटं हवीत. बांधलेल्या जुन्या वह्या न दाबता वरून टिपता येतील असा स्कॅनर हवा. गावोगाव जाण्याचा प्रवासखर्च आणि मोडी वाचकांसाठी येण्या-जाण्याची रिक्षा, एवढंच. मानधन कुणालाच नाही. देणगी कितीही छोटी चालेल. पावती लगेच मिळेल, पण आयकरात सवलत मिळणारं प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, हे आधीच सांगतो. 2,000 रुपयांच्या वर रोख घेत नाही, चेक किंवा खात्यावर द्या. आणि देणगीदाराचं घराणं आधी, बाकीची मागून, असं इथे होत नाही. मोठ्या रकमेच्या बदल्यात मूळ पुरुषाला सरदारकी बहाल करण्याची विनंती याआधी आली होती आणि ती नम्रपणे परत पाठवली गेली.

पैसे नसतील, वेळही नसेल, तर निदान घरातले जुने कागद रद्दीत घालू नका. पोथ्यांच्या शेवटच्या पानांवर, जन्मपत्रिकांवर, जुन्या हिशेबाच्या वह्यांवर घराण्याची माहिती असते. कृपा करून लॅमिनेशन करू नका, फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका, दोन्हींनी कागद कायमचा जातो. कुरिअरनं मूळ कागद पाठवू नका. घेऊन या, तुमच्यासमोर टिपू आणि त्याच दिवशी परत देऊ. हयात माणसांच्या जन्मतारखा आम्ही छापत नाही आणि कुणाला देतही नाही, तेव्हा पत्रक भरताना ती भीती बाळगू नका.

खोली दर रविवारी सकाळी दहा ते एक उघडी असते. गणपतीत चाकरमानी गावी आलेले असतात, म्हणून त्या दिवसांत रोज संध्याकाळीही कुणीतरी बसलेलं असेल. येताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजीचं माहेरचं नाव आणि तिच्या आईचं नाव विचारून या. पत्रकातला तोच रकाना सर्वांत जास्त वेळा रिकामा येतो.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकर्ते, चिपळूण