हजेरी चेहऱ्याने, पण नेमणूकपत्र नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात माझी २६ वर्षं गेली, शेवटची दहा सुपरवायझर म्हणून. आपल्या गावची प्लास्टिकची चटई परदेशात जाते याचा मला आजही अभिमान आहे. पण त्या ऑर्डरींच्या पाठोपाठ एचआर नावाचं (कामगारांची भरती, हजेरी बघणारं) जे खातं आलं त्याबद्दल लिहायचंय.

आधी आमच्याकडे मालक, मुनीम आणि हजेरीचं रजिस्टर एवढंच. मग परदेशी गिऱ्हाईकाचं ऑडिट सुरू झालं, कामगारांना कसं ठेवता ते बघायला माणूस यायचा, आणि तो यायच्या आदल्या दिवशी हातमोजे, कानाचे प्लग वाटायचे, तक्रार समितीचा बोर्ड लागायचा, विचारलं तर काय सांगायचं ते पोरांकडून पाठ करून घ्यायचं. ते पाठांतर मी स्वतः घेतलंय, त्याचं आज वाईट वाटतं. ऑडिट झालं की मोजे परत स्टोअरला. तरी थंड पाण्याचा कूलर आणि बायांसाठी वेगळं संडास त्या ऑडिटमुळेच झालं हेही खरं, मे महिन्यात ४५ डिग्रीत मशीनजवळ उभं राहणाऱ्याला त्या पाण्याची किंमत विचारा.

आता पुतण्या दुसऱ्या युनिटला आहे. चेहरा दाखवून हजेरी, दर महिन्याला केपीआयचा, म्हणजे काम किती झालं ते मोजायचा, इंग्रजी फॉर्म, दोन मिनिटं उशीर झाला तर मोबाईलवर मेसेज, सगळं मल्टिनॅशनलसारखं. पण दोन वर्षं झाली, हातात नेमणूकपत्र नाही, कारण कागदावर तो ठेकेदाराचा माणूस. माझी मुलगी हिंजवडीला परदेशी कंपनीत आहे, तिला पहिल्याच दिवशी पत्र मिळालं, बाळंतपणाला २६ आठवडे पगारी रजा मिळाली (रात्री अकराला अमेरिकेची मीटिंग पण असते, तिथं सगळं गोड नाही). पण ती रजा काही परदेशी साहेबाची मेहेरबानी नाही, २०१७ पासूनचा आपल्याच देशाचा कायदा आहे. आणि नव्या कामगार संहिता, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच लागतं, ठेकेदाराच्या माणसाला पण. बाहेरून माणूस मोजायची मशीनं तेवढी आणली आणि घरचा कायदा दाराबाहेर ठेवला, हे मला पटत नाही.

नेमणूकपत्रात काय काय लिहिलेलं असावं ते तुमच्या पेपरात सोप्या मराठीत एकदा छापा. कात्रण काढून मी पुतण्याच्या युनिटच्या गेटवर वाटीन.

आपला एक वाचक,
जळगाव