एलीयाची तीच तक्रार

ख्रिस्तात प्रिय मित्रा,

सलाम. तुझी पत्रे उत्तरावाचून पडून राहिली. रागावला असशील तर तो राग तुला शोभतो, असे माईच म्हणाली असती. प्रकृती ठीक, गुडघा तसाच.

माई गेल्यापासून माझी प्रार्थना ओठांपुरती उरली आहे, हे तुझ्याशिवाय कोणाला लिहिणार? उपासनेला जातो, गीते गातो, 'आमेन'ही इतरांच्या आधी म्हणतो; पण आत सगळे कोरडे ठणठणीत. 'प्रभूची इच्छा' म्हणून सांत्वन करणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या रात्री फोन उचलला होता, ते तुला ठाऊकच आहे.

गेल्या बुधवारी प्रार्थनासभेत बायबलमधल्या '1 राजे' या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचण्याची पाळी माझ्यावर आली. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर जिंकलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. (प्रवचनातल्या तुझ्या डुलक्यांचे समर्थन तू आता याच अध्यायातून करशील.) मी अडखळलो तो पुढे. होरेब डोंगरावर देवाची ती शांत, मंद वाणी येण्यापूर्वी एलीया जी तक्रार करतो, तीच तो वाणीनंतरही जवळजवळ शब्दशः करतो, की मी एकटाच उरलो आहे. दहावे आणि चौदावे वचन शेजारी ठेवून पाहा. मी ऐकलेली प्रवचने त्या वाणीपाशीच थांबत, त्यामुळे देव बोलला की माणसाचे मन लगेच हलके होते, असे मी धरून चाललो होतो. एलीयाचे तसे झाले नाही, आणि देवाने त्याबद्दल त्याला फटकारलेही नाही. त्याला काम दिले, अलीशासारखा सोबती दिला आणि बआलापुढे गुडघे न टेकलेल्या सात हजारांविषयी सांगितले.

88वे स्तोत्र अंधारातच संपते, म्हणून ते मंडळीपुढे वाचू नये, असे मी म्हणालो तेव्हा तू किती दिवस अबोला धरला होतास! माझे मत अजून तेच आहे. मात्र एकटा असताना हल्ली मी तेच स्तोत्र मोठ्याने वाचतो. आनंद परतलेला नाही, पण तक्रार घेऊन का होईना, देवाकडे तोंड करून बसतो, आणि उठताना दुसऱ्या दिवशीही बसावेसे वाटते. बुधवारपूर्वी तेवढेही नव्हते.

तुझ्या बदलीचे काय ठरले? धाकटीचे पेपर कसे गेले? वहिनींना सलाम सांग. सुट्टी मिळाली की ये. त्या स्तोत्रावरचा वाद अजून मिटलेला नाही.

तुझाच