आईच्या नऊवारीची कुंची

मा. संपादक,

हल्ली बारशाला गेलं की हातात पाकीट ठेवून आपण मोकळे होतो. या थंडीत भाचीच्या लेकीसाठी मी माझ्या आईच्या सुती नऊवारीची कुंची शिवली. धुऊन धुऊन साडी इतकी मऊ झालेली, की बाळाला कुठे टोचायचं नाव नाही. काठ बरोबर कपाळावर येईल असा बेतला, कडेला क्रोशाची जाळी घातली. पाच साखळ्या, एक खांब, पुन्हा पाच. एक खांब चुकला, तर अख्खी ओळ उसवली! भाचीने आजीचा काठ ओळखला आणि तिचे डोळे भरून आले.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलींना, आणि मुलांनाही, घरोघरी निदान धावदोरा शिकवा. विश्रामबागेत कुणी शिकायला आलं, तर सुई-दोरा माझा.

– एक आजी, विश्रामबाग, सांगली