अर्धी उजळलेली ट्यूब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नातीच्या शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहायला आम्ही दोघे गेलो होतो. नववीच्या मुलांनी टेस्ला कॉइल, म्हणजे उच्च दाबाची आणि उच्च वारंवारतेची (सेकंदाला हजारो-लाखो वेळा दिशा बदलणारी) वीज तयार करून हवेत ठिणग्या उडवणारे यंत्र, बनवली होती. पीव्हीसी पाइपवर तांब्याची बारीक तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळलेली, वर ॲल्युमिनियमचे गोल कडे, खोलीभर ओझोनचा तिखट वास. निकोला टेस्लाने ही कॉइल १८९१ साली तयार केली, आपले होळकर कॉलेज सुरू झाले त्याच वर्षी. इतक्या वर्षांनी इंदूरच्या मुलांनी ती स्वतःच्या हातांनी गुंडाळावी, याचा मला फार आनंद झाला. मी आयुष्यभर भौतिकशास्त्रच शिकवले.

पण मार्गदर्शक शिक्षक मुलांना सांगत होते, "घाबरू नका, हा करंट कातडीवरूनच जातो, आत शिरत नाही." आणि मुले एकेक करून ठिणगीसमोर बोट धरत होती. नातीच्या बोटावर मोहरीएवढा पांढरा डाग उमटला. "आजी, दुखलं नाही गं," ती म्हणाली. धोका आहे तो इथेच. इतक्या उच्च वारंवारतेला आपल्या नसा नीट प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे झटका फारसा कळत नाही. भाजायचे ते भाजतेच. असा प्रवाह फक्त पृष्ठभागावरून जातो ही गोष्ट तांब्याच्या तारेला लागू आहे. शरीर तांब्याच्या मानाने फारच कमी वाहक, त्यामुळे अशा वारंवारतेचा प्रवाह त्यात मीटरभर खोलवरही पोहोचू शकतो. म्हणजे आख्खा माणूस आला.

याचा पुरावा त्याच टेबलावर होता. एका मुलाने हातात ट्यूबलाइट धरली होती. वायर नाही, होल्डर नाही, तरी ती पेटली, कारण कॉइलभोवतीचे विद्युत क्षेत्र नळीतल्या वायूचे इलेक्ट्रॉन हलवते. नीट पाहिले तर ती कॉइलकडच्या टोकापासून त्याच्या मुठीपर्यंतच उजळली होती, मुठीमागे अंधार. पुढचा प्रवाह त्या मुलाच्या अंगातून जमिनीकडे जात होता! इतका सुंदर धडा समोर असताना तो कोणी शिकवला नाही, याचे मला वाईट वाटते.

माझ्या यजमानांना पेसमेकर आहे. तो हृदयाचे अगदी क्षीण संकेत वाचत असतो, आणि जवळच्या तीव्र क्षेत्राने त्यात गोंधळ होऊ शकतो. दारावर तशी पाटी नव्हती, कोणी विचारलेही नाही. मीच त्यांचा हात धरून बाहेर आणले. शिवाय प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागात, भार उरतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. एक मुलगा तर लगेच वायरिंगला हात घालत होता.

प्रदर्शने बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. कॉइलभोवती दोरी बांधा, पेसमेकर आणि कानाच्या मशीनबद्दल दारातच विचारा, कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय कोणाला आत हात घालू देऊ नका. राजेंद्रनगरच्या आसपासच्या कोणत्याही शाळेने बोलावले, तर मांडणी तपासायला आणि ती ट्यूब मुठीपर्यंतच का उजळते हे मुलांना समजावून सांगायला मी विनामूल्य येईन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
राजेंद्रनगर, इंदूर