शेंगा चटणीच्या पार्सलवर कुठल्या नगरपालिकेचं नाव लिहायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालंय, कापायचं तर कापा, पण नॉर्वेचा भाग तेवढा ठेवा कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलोय. सोलापूरच्या हद्दवाढीचं बोलणं अधूनमधून पुन्हा निघतं, अजून ही गावं घ्या, ती गावं घ्या, आणि दरवेळी मला माझ्या भाचीचा पत्ता आठवतो.

भाची नॉर्वेत असते. ओस्लोत वगैरे नाही, पार पश्चिमेला समुद्रकाठी ब्रात्व्होग म्हणून एक छोटं गाव आहे, जहाजाचं सामान बनवणारे कारखाने आहेत तिथं, त्यात इंजिनिअर आहे. 2023 च्या दिवाळीला माझ्या बहिणीनं तिला शेंगा चटणी, कडक भाकरी असं पार्सल पाठवलं तेव्हा पत्त्यात ओलेसुन नगरपालिका लिहिलं होतं. पुढच्या वर्षी पार्सल बांधताना पोरगी फोनवर म्हणते, आई आता ओलेसुन नको लिहू, हारम लिही. बहीण चिडली ना, घर बदललंस आणि आम्हाला सांगितलं पण नाहीस म्हणून. तर ती म्हणे घर तेच आहे गं, भाडं पण तेच आहे, नगरपालिका तेवढी बदलली. (हारम हे नाव आपल्याकडे जरा सांभाळून उच्चारावं लागतं, बहिणीनं पार्सलवर काना दोनदा तपासून बघितला.)

मी स्वतः हद्दवाढ भागातला माणूस असल्यामुळे मला हे ऐकून लय गंमत वाटली आणि मग मी भाचीला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. जे कळलं ते लिहितो.

तिकडं नगरपालिका वेगळी आणि ग्रामपंचायत वेगळी असं काही नाही, शहर असो नाहीतर चार घरांचं बेट, सगळ्याला एकच शब्द, कोम्यून. आणि कामं पण सगळ्यांना सारखीच, प्राथमिक शाळा, बालवाडी, गावचा डॉक्टर, म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन बघणं, पाणी, गटार, रस्ते, बांधकाम परवाने. ओस्लोत सात लाख लोक आहेत आणि उत्सिरा नावाचं एक बेट आहे तिथं दोनशेच्या आसपास लोक, पण उत्सिरा पण स्वतंत्र कोम्यून आणि कायद्यानं कामं तीच. दोनशे म्हणजे आपल्याकडं एका अपार्टमेंटमध्ये त्याहून जास्त असतात आणि तिथं लिफ्टच्या मेन्टेनन्सवर एकमत होत नाही. याच उत्सिरात 1925 च्या निवडणुकीत जवळपास सगळ्या बायकाच निवडून आल्या, बारातला एकच पुरुष, आणि तिथली सुईण आसा हेल्गेसेन नॉर्वेची पहिली महिला नगराध्यक्ष झाली. आरक्षण बिरक्षण काही नसताना.

आता देश केवढा तर सगळा मिळून 55 लाख लोकसंख्येचा. आपला सोलापूर जिल्हा 2011 च्या जनगणनेत 43 लाखांचा होता, म्हणजे आपल्यापेक्षा थोडासाच मोठा म्हणा. पण किनारा असा तुटलेला, की दर दहा किलोमीटरला समुद्राचा फाटा आत घुसलेला, मध्ये डोंगर, मध्ये बेटं. पूर्वी लोक होडीनंच फिरायचे म्हणून खाडीच्या दोन्ही काठांचं एक गाव असायचं आणि डोंगरापलीकडचं गाव नकाशात जवळ दिसलं तरी परकं. 1837 साली तिकडं स्थानिक कारभाराचा कायदा झाला (आपली सोलापूर नगरपालिका 1852 ची, म्हणजे आपण पण काय फार मागं नव्हतो) आणि पुढं वाढत वाढत कोम्यून साडेसातशेच्या आसपास गेल्या. मग दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं एक समिती नेमली आणि 1967 पर्यंत त्या 454 वर आणल्या. तेव्हा पण रडारड झालीच होती.

दुसरी मोठी लाट 2014 पासून. एर्ना सोल्बर्ग पंतप्रधान होत्या, त्यांच्या सरकारचं म्हणणं असं की एवढ्या लहान कोम्यूनला धड डॉक्टर मिळत नाही, इंजिनिअर मिळत नाही, तरणी पोरं शहरात जातात आणि म्हातारे मागं राहतात, तेव्हा एकत्र या, येणाऱ्यांना पैसे देतो. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं हे भाची पण मान्य करते. 2016 च्या 1 जुलैपर्यंत आपापसात ठरवून कळवा असं सांगितलं, ठिकठिकाणी सार्वमत झालं, बऱ्याच ठिकाणी लोक म्हणाले नको. काही जण खुशीनं एकत्र आले, आणि उरलेल्यातल्या काहींना 2017 च्या जूनमध्ये संसदेनं सरळ ठराव करून जोडून टाकलं. 1 जानेवारी 2020 ला 422 च्या 356 झाल्या. आमच्या भाचीचं हारम त्या जबरदस्तीवाल्या यादीत होतं, ओलेसुन शहर, स्कोद्ये, अर्स्कोग, हारम आणि सांदअय नावाची बेटं अशा पाच कोम्यून मिळून 66 हजारांची एक मोठी ओलेसुन झाली.

काही काही जोड्या तर अशा केल्यात की ऐकून हसू येतं. फ्लोरअ आणि मोलय ही दोन बंदराची गावं, दोन्ही माशांवर मोठी झालेली, फ्लोरअ तर 1860 ला हेरिंग माशाच्या धंद्यासाठी वसवलेलं. दोघांच्या कोम्यून जोडून एक केली पण मधली ब्रेमांगेर नावाची कोम्यून म्हणाली आम्ही नाही येत, आणि ती राहिली वेगळीच. म्हणजे समजा सांगोला आणि मोहोळची एक नगरपालिका करायची आणि मधलं पंढरपूर तसंच सोडायचं, सांगोल्याच्या नगरसेवकानं मोहोळला मीटिंगला जाताना दुसऱ्याच्या हद्दीतून जायचं! नाव कुणाचं द्यायचं यावर भांडण नको म्हणून दोन्ही गावं सोडून किन हे नाव दिलं, ते एका बेटाचं आहे, तिथं बाराव्या शतकातलं दगडी चर्च आहे. त्याच्या वर उत्तरेला स्निलफ्योर्द म्हणून एक कोम्यून होती तिचे तर तीन तुकडे करून तीन शेजाऱ्यांना वाटून दिले. त्यातली एक वाटणी ज्या नव्या कोम्यूनमध्ये गेली तिचं नाव हेम, त्यांच्या भाषेत हेम म्हणजे घर. आता मोडलेल्या गावाच्या माणसाला नव्या पत्त्यात रोज घर असं लिहायला लावायचं म्हणजे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल देव जाणे.

हारमचे लोक मात्र गप्प बसले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमच्याकडं कारखाने आहेत, धंदा आहे, दहा हजाराच्या आतबाहेर माणसं आहेत, आमचं चाललं होतं, आम्हाला नको असताना जोडलंत. सरकार बदललं, नवीन सरकार म्हणालं ज्यांना जबरदस्तीनं जोडलं त्यांना सुटायचं असेल तर वाट देऊ, आणि 2022 मध्ये संसदेनं मंजुरी दिली. 2023 च्या सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली आणि 1 जानेवारी 2024 ला हारम पुन्हा वेगळं, मुख्यालय ब्रात्व्होगला, म्हणून भाचीचा पत्ता बदलला. त्याच दिवशी तिकडचे जोडलेले जिल्हे पण काही सुटले, 11 चे परत 15 झाले. कोम्यून आता 357, म्हणजे एवढ्या सगळ्यांत मोडून परत उभी राहिलेली कोम्यून हीच एक.

सुटणं फुकट नसतं हे पण खरंय. चार वर्षं एकत्र केलेला संसार, कर्मचारी, कर्ज, कॉम्प्युटरच्या सिस्टिम, सगळ्याची परत वाटणी. भाऊ वेगळे होताना भांड्यांवर जे होतं तेच. भाचीच्या ऑफिसात पण दोन तट आहेत म्हणे, काही जण म्हणतात बरं झालं, काही म्हणतात पुढं म्हातारे वाढले की परत ओलेसुनच्या दारात जावं लागेल.

आता आपल्याकडं येतो. 5 मे 1992 ला सोलापूरची हद्दवाढ झाली, शहर साधारण 33 चौरस किलोमीटरचं होतं ते 178 चं झालं, एका रात्रीत पाचपटीच्या वर. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, सगळी आत. मी यातल्याच एका गावचा, कुठल्या ते लिहीत नाही, उगाच आमच्या गल्लीतले चौघं पेपर घेऊन दारात येतील. आदल्या दिवशी ग्रामपंचायत होती, सरपंचाला कट्ट्यावर गाठून बोलता यायचं, दुसऱ्या दिवशी आम्ही महापालिकेत. तेव्हा मी कॉलेजात होतो, आम्हाला तर आनंद झाला होता, शहरात आलो, आता दिवाबत्ती, आता सिटी बस! वडील मात्र म्हणाले होते, शेतसारा तिकडं आणि घरपट्टी इकडं, आता दोन कचेऱ्यांचे जोडे झिजवायचे. झिजवले पण. एका दाखल्यासाठी ते जुनं गाव का नवीन प्रभाग या प्रश्नावर चार महिने फिरले, कुठल्या कचेरीत ते जाऊ द्या, माणसं रिटायर झाली असतील.

तीस वर्षं उलटून गेली तरी आम्हाला अजून हद्दवाढवालेच म्हणतात. लग्नाच्या बोलणीत सुद्धा, मुलगा कुठला, तर सोलापूरचाच पण हद्दवाढ भागातला. भाचीला विचारलं तुमच्याकडं असं काही म्हणतात का, तर म्हणाली नाही, तिथं लोक कोम्यून कुठलीही असू दे, मी ह्या बेटाचा, मी त्या खाडीचा असंच सांगतात.

आमच्याकडं काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. रस्ते झाले, कॉलन्या झाल्या, जुळे सोलापूर बघा कसं वाढलं, जागेला भाव आले, काहींनी गुंठे विकून पोरांची शिक्षणं केली. पाण्याचं म्हणाल तर उजनी भरली तरी शहरात रोज पाणी नाही, पण ते मूळ शहराला पण तसंच आहे, त्यात हद्दवाढीवर वेगळा अन्याय कशाला सांगू. माझं दुखणं वेगळंच आहे, 1992 ला आम्हाला कुणी विचारलं नाही. हरकती मागवल्या असतील, कुठंतरी नोटीस लागली असेल, पण घराघरातून चिठ्ठी टाकून हो का नाही असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही आणि गावातल्या माझ्यापेक्षा जुन्या माणसांना पण आठवत नाही. नॉर्वेत विचारून सुद्धा डावललं हे खरंय, पण विचारलेलं होतं म्हणूनच हारमवाल्यांच्या हातात नंतर दाखवायला कागद होता.

आणि लोकांनी आपणहून मागितलं तर गोष्टच वेगळी होते. अकलूज-माळेवाडीची नगरपरिषद आणि नातेपुत्याची नगरपंचायत व्हावी म्हणून 2021 ला आपल्याच जिल्ह्यात लोकांनी साखळी उपोषण केलं होतं, मोठं व्हायला तेच मागं लागले होते. उलट बाजूनं फुरसुंगी आणि उरुळी देवाची बघा, 2017 ला पुणे महापालिकेत घेतली, कराच्या बिलावरून लोक वैतागले, आणि 2024 ला दोघांची मिळून वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे परतीची वाट आपल्याकडं पण निघू शकते. हारम आणि फुरसुंगी एकाच वर्षी सुटले, हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली मामा तू आता मला तिकडच्या कोम्यूनमध्ये भाषण करायला लावतोस का.

तर मागणी एवढीच, की पुढची हद्दवाढ करायची असेल तर ज्या गावाला घ्यायचंय त्या गावात आधी मतदान घ्या, बंधनकारक नसलं तरी चालेल, आकडा जाहीर होऊ द्या. त्याच्या आधी एका कागदावर लिहून गावाच्या चावडीवर लावा की घरपट्टी पहिल्या वर्षी किती, पाचव्या वर्षी किती, जन्ममृत्यूचा दाखला कुठं मिळणार, पाइपलाइन कुठल्या साली येणार. नॉर्वेत जोडलेल्या कोम्यूनचं सरकारी अनुदान पंधरा वर्षं कमी करत नाहीत आणि नंतर पण पाच वर्षांत हळूहळू उतरवतात, इथं ग्रामपंचायतीचं जे काही येत होतं ते कधी बंद होणार एवढं तरी लिहा. आणि त्या भागाचं एक ऑफिस गावातच ठेवा, ज्यात खरोखर माणूस बसलेला असेल. महापालिकेत 102 नगरसेवक, त्यात आमच्या वाट्याचे किती ते जाऊ द्या, पण 2022 ला मुदत संपल्यावर कितीतरी वर्षं नुसता प्रशासक होता, तेव्हा तर विचारायला नगरसेवक पण नव्हता. 1930 साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून नगरपालिकेवर तिरंगा फडकवणारं आपलं गाव, त्याच्या पालिकेत चार वर्षं निवडून आलेलं माणूस नाही हे काय बरं दिसलं नाही.

बहीण परवा विचारत होती, समजा आज आपल्याकडं असं मतदान झालं तर तू काय करशील. मी म्हणालो राहू दे आता सोलापुरातच, पोरांची सगळी कामं, शाळा, दवाखाने इथंच आहेत, आता कुठं वेगळी चूल मांडायची. ती म्हणाली मी मात्र नको म्हणणार, ग्रामपंचायत असताना नळाला रोज पाणी होतं. त्यावरून आमचं तासभर वाजलं आणि चटणीचं पार्सल तसंच टेबलावर राहिलं, ते उद्या टाकायचंय.

आपला,
हद्दवाढ भागातला एक वाचक, सोलापूर