तोटा पचवायला कोण शिकवणार?

महोदय,

२०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातल्या फ्यूचर्स-ऑप्शन्समधले (पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांमधले) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, असे बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचा सप्टेंबर २०२४चा अहवाल सांगतो. त्यातली दुसरी नोंद मला जास्त अस्वस्थ करते: तोटा होऊनही तीन चतुर्थांशांहून अधिक जण सौदे करतच राहिले.

हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याचे दुःख माणसाला जास्त बोचते, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडले होते. म्हणून नफ्यातला सौदा घाईने कापला जातो आणि तोट्यातला ‘येईल वर’ म्हणत कवटाळला जातो. स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला तोट्यातला सौदा आपोआप बंद करणारी सूचना) लावायचा आणि भाव जवळ आला की तोच खाली सरकवायचा! माझा भाचा चार्ट उत्तम वाचतो. पण एका दिवशी गेलेले सहा हजार भरून काढायला त्याने दुसऱ्या दिवशी दुप्पट लॉट (सौद्याचे ठरावीक गठ्ठे) घेतले, आणि महिनाअखेरीस बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे संपले होते. त्या सकाळी मोबाइल बाजूला ठेवण्याचे बळ त्याला कुणी शिकवलेच नव्हते. गावोगावचे क्लास चार्टवरचे कँडल आणि इंडिकेटर, म्हणजे भावाच्या खुणा वाचायला शिकवतात. तोटा मान्य करून उठण्याचा सराव मात्र कुणी करून घेत नाही.

दिवसाच्या तोट्याची मर्यादा ट्रेडरने सकाळी स्वतः ठरवावी आणि बाजार बंद होईपर्यंत ती बदलता येऊ नये, अशी सोय प्रत्येक ब्रोकरच्या ॲपवर सेबीने सक्तीची करावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली