मंत्रिमहोदय, आधी पाइप कुठून जाणार ते ठरवा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: नव्या रस्त्यांच्या निविदांबाबत

महोदय,

आमच्या गल्लीतलं काँक्रीट जेमतेम वाळलं, तोच पाण्याच्या लाइनसाठी त्यावर कटर चालला. चर बुजवून वर पेव्हर ब्लॉक बसवले, ते पहिल्या पावसात खचले. जाब विचारला की एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन याच दुखण्याने बेजार होतं, म्हणून हे पत्र.

तिथे रस्ते सांभाळायचे व्हेस्ट्री नावाच्या स्थानिक मंडळांनी, आणि खोदायचे गॅस-पाण्याच्या खासगी कंपन्यांनी. खोदायचा हक्क त्यांना संसदेनेच दिलेला! खडीच्या रस्त्यावर पाऊस पडला की लीद आणि चिखलाचा नुसता राडा. मग ग्रॅनाइटचे चिरे झाले, लाकडी ठोकळे झाले, १८६९ मध्ये थ्रेडनीडल स्ट्रीटवर अस्फाल्टही, म्हणजे डांबरासारखा गुळगुळीत थर, आलं. चिऱ्यांचा खडखडाट कान किटवी, ओलसर अस्फाल्टवर घोडे घसरत, लाकडावर चाकांचा आवाज होत नसे पण ते घोड्यांचं मूत शोषून वास मारी. वरचा थर कोणताही असो, खालचा नळ फुटला की तो उखडायचाच.

यावर मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सने, म्हणजे लंडनभरची मोठी बांधकामं पाहणाऱ्या मंडळाने, तोडगा काढला. या बोर्डाचे मुख्य अभियंता होते जोसेफ बॅझलगेट, लंडनची गटारं बांधणारे. १८६१ च्या सुमारास नव्या गॅरिक स्ट्रीटखाली माणूस उभा चालेल असं विटांचं कमानदार भुयार बांधलं गेलं. नळ त्यातून न्यायचे, दुरुस्तीही आत उतरून करायची. गॅस कंपन्या नाखूश होत्या, स्फोटाची भीती होती. तरी १८६८ मध्ये या भुयारांसाठी कायदा झाला. पुढे होबर्न व्हायाडक्ट हा उड्डाणपूल आणि थेम्सकाठचा एम्बँकमेंट रस्ता भुयारांसकटच बांधले गेले.

इंग्रजांची आरती ओवाळायची नाही मला. जुन्या रस्त्यांखाली त्यांनाही हे फारसं जमलं नाही आणि तिथलं खोदकाम चालूच राहिलं. पण नवा रस्ता काढताना खालची सोय आधी करावी, एवढं त्यांना कळलं होतं. अस्फाल्टच्या कंपन्यांशी ते करारही लांबचे करत: पहिली २ वर्षं देखभाल फुकट, पुढची १५ वर्षं ठरलेल्या वार्षिक दराने. रस्ता टाकणाऱ्यानेच तो राखायचा.

आपल्याकडे दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, निविदेत असतो खरा. मधे कुणी चर मारला की ठेकेदार हात झटकून मोकळा होतो.

तेव्हा मागणी अशी. नव्या विकास आराखड्यातल्या रुंद रस्त्यांखाली सेवा-भुयार नकाशात नसेल, तर त्या निविदेला मंजुरी देऊ नये. जुन्या रस्त्यांवर काँक्रीट ओतण्यापूर्वी पाणी, वीज, गॅस आणि केबलवाल्यांची कामं संपल्याचं लेखी घ्यावं आणि ते कागद वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावावेत. पावसाळ्यानंतरच्या निविदा निघण्याआधी तसा शासन निर्णय काढावा, ही विनंती.

आपला,
एक करदाता